हाँगकाँगहून फेरीने मकाऊ: एका दिवसाची सहल नीट कशी करावी

हाँगकाँगला आलेले बहुतेक मराठी पर्यटक एक दिवस मकाऊसाठी ठेवतात. त्यातले बरेच जण संध्याकाळी परत येतात ते दोन कॅसिनो हॉटेलांच्या लॉबीतले फोटो आणि सेंट पॉलच्या पायऱ्यांवरचा एक सेल्फी घेऊन. मला याचे फार वाईट वाटते. १५५७च्या सुमारास पोर्तुगीजांनी वस्ती केलेले आणि २० डिसेंबर १९९९ रोजी चीनच्या ताब्यात गेलेले हे शहर आपल्याला परके नाही. १८४४पर्यंत त्याचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या अखत्यारीत होता. गोव्याला चार वेळा जाऊन आलेल्या माणसाला इथे ज्या खुणा पटकन ओळखू येतात, त्या शेजारच्या युरोपियन पर्यटकालाही दिसत नाहीत.

मी हाँगकाँगमध्ये राहते आणि घरी येणाऱ्या पाहुण्यांना दर वेळी हेच सगळे सांगत असते. या वेळी सविस्तर लिहून ठेवते आहे. हा लेख भारतीय पासपोर्टवर फिरायला येणाऱ्यांसाठी आहे. भाडी आणि वेळा बदलत असतात, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी त्या एकदा अधिकृत संकेतस्थळावर पाहून घ्या.

१. आधी कागदपत्रे, मग तिकीट

सगळ्यात मोठा गोंधळ इथेच होतो. हाँगकाँग आणि मकाऊ दोन्ही चीनचे भाग असले तरी प्रवेशाच्या दृष्टीने ती दोन वेगळी ठिकाणे आहेत. हाँगकाँग सोडताना, मकाऊत शिरताना, मकाऊ सोडताना आणि पुन्हा हाँगकाँगमध्ये येताना, अशी चार वेळा पासपोर्ट तपासणी होते. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवून बंदरावर आलात तर परत फिरावे लागेल. मोबाइलमधला फोटो किंवा झेरॉक्स चालत नाही.

मकाऊसाठी भारतीय नागरिकांना पर्यटनासाठी ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. उतरल्यावर अधिकारी पासपोर्ट बघतात आणि किती दिवस राहता येईल हे छापलेली एक छोटी चिठ्ठी देतात. शिक्का मारत नाहीत. ती चिठ्ठी पासपोर्टातच ठेवा.

हाँगकाँगची गोष्ट वेगळी आहे. जानेवारी २०१७पासून भारतीयांना तिथे येण्याआधी ऑनलाइन पूर्वनोंदणी करावी लागते. हाँगकाँगच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर ती फुकट होते आणि निकाल बहुधा लगेच कळतो. मंजुरी मिळाली की तिचा कागद छापून त्यावर सही करायची. ही नोंदणी सहा महिने चालते आणि त्या काळात एकापेक्षा जास्त वेळा येता येते, प्रत्येक वेळी जास्तीत जास्त १४ दिवस. म्हणजे मकाऊहून परत येताना याच नोंदणीवर तुम्ही पुन्हा आत येता. म्हणून तो कागद त्या दिवशीही बरोबर हवा. मुंबईहून येताना विमानतळावर दाखवला, आता त्याचे काम संपले, असे समजून लोक तो बॅगेत तळाशी टाकतात, आणि संध्याकाळी परतताना रांगेत शोधाशोध सुरू होते.

दोन सापळे सांगून ठेवते. या नोंदणीच्या नावाखाली पैसे घेणारी संकेतस्थळे शोधयादीत वर दिसतात. सरकारी नोंदणीला शुल्क नाही, तेव्हा कार्डाचा नंबर मागितला की समजायचे, आपण चुकीच्या दारात आहोत. आणि नोंदणीत नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक हे पासपोर्टवर जसे छापले आहे अगदी तसेच भरायचे. आपल्याकडे वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव मध्ये असते आणि आडनावाचा रकाना कधी कधी रिकामा असतो. तिथे अंदाजाने काही भरू नका. नोंदणीनंतर पासपोर्ट नवा काढला असेल तर नोंदणीही नवी करावी लागते.

त्या दिवशी पिशवीत हे असू द्या:

- मूळ पासपोर्ट, किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला. लहान मुलांचाही.
- हाँगकाँगच्या पूर्वनोंदणीचा छापील कागद. हाँगकाँगचे रहिवासी असाल तर पासपोर्टबरोबर तिथले ओळखपत्र.
- भारतात परतण्याच्या विमान तिकिटाची आणि हॉटेल बुकिंगची प्रत. प्रत्येक वेळी विचारतीलच असे नाही, पण विचारले तर हाताशी असावी.
- हाँगकाँग डॉलरच्या छोट्या नोटा आणि थोडी नाणी.
- मळमळीची गोळी, पाण्याची बाटली, टोपी किंवा छत्री, आणि पायाला सवयीचे झालेले बूट.
- जायच्या ठिकाणांची चिनी लिपीतली नावे मोबाइलमध्ये. टॅक्सीत याचा फार उपयोग होतो.

मकाऊच्या उत्तर टोकाला मुख्य चीनमध्ये जाणारी सीमा आहे आणि पलीकडे झुहाई शहर आहे. चालत पाच मिनिटांवर दिसते म्हणून कुणी उत्साहाने तिकडे जाऊ नये. तिथे चीनचा व्हिसा लागतो.

२. दिवस कोणता निवडायचा

शक्यतो मंगळवार ते गुरुवार. शनिवार-रविवारी हाँगकाँगमधले आणि चीनमधले पर्यटक एकदमच येतात आणि जुन्या शहराच्या मध्यावरच्या सेनादो चौकात मुंगीलाही जागा उरत नाही. मंदारिनचा वाडा हे जुने चिनी घर बुधवारी बंद असते आणि मकाऊ संग्रहालय सोमवारी. तुम्हाला यातले काय बघायचे आहे त्यावरून वार ठरवा. मला विचाराल तर वाडा चुकवू नका.

चिनी नववर्ष, १ मेची सुट्टी आणि १ ऑक्टोबरपासूनचा राष्ट्रीय दिनाचा आठवडा पूर्ण टाळा. नोव्हेंबरच्या मध्याला मकाऊत मोटारींच्या शर्यती होतात. त्या खास मैदानात होत नाहीत, शहराच्या रस्त्यांवरच होतात आणि तेही नेमक्या फेरी बंदराच्या बाजूच्या. त्या दिवसांत बसचे मार्ग बदलतात आणि नवख्या माणसाचा खूप वेळ जातो.

हवा म्हणाल तर ऑक्टोबरची सुट्टी संपल्यापासून डिसेंबरपर्यंतचा काळ उत्तम. मे ते सप्टेंबर उकाडा मुंबईसारखाच असतो आणि मधूनमधून टायफून येतात. हाँगकाँग वेधशाळेने ८ क्रमांकाचा इशारा लावला की फेऱ्या बंद होतात. सकाळी ३ क्रमांकाचा इशारा असेल आणि वादळ जवळ येत असेल तर जाऊ नका. सकाळी पोहोचाल, पण संध्याकाळी अडकाल.

३. फेरी आणि तिकीट

हाँगकाँग बेटावर शेउंग वान नावाचे मेट्रो स्टेशन आहे. तिथल्या डी दरवाजाने वर आलात की शुन ताक सेंटर ही इमारत लागते. फेरी बंदर याच इमारतीत वरच्या मजल्यावर आहे. खाली दुकाने, वर तिकीटखिडक्या, त्यापुढे पासपोर्ट तपासणी आणि मग बोट. पहिल्यांदा येणाऱ्याला आपण मॉलमध्ये शिरलो की काय असे वाटते. बरोबर ठिकाणी आला आहात, वर जा.

टर्बोजेट आणि कोताई वॉटर जेट या दोन कंपन्यांच्या बोटी जातात. प्रवास साधारण एक तासाचा. मकाऊत मात्र बंदरे दोन आहेत, आणि त्यांच्या नावांकडे लक्ष द्या: एक जुन्या शहराजवळचे बाह्य बंदर आणि दुसरे विमानतळाशेजारचे ताइपा बंदर. कोताईची बोट ताइपाला लागते. टर्बोजेटच्या बहुतेक बोटी बाह्य बंदराला लागतात. या लेखातली पायी वाट धरायची असेल तर बाह्य बंदराचेच तिकीट काढा. एका कंपनीचे तिकीट दुसऱ्या कंपनीच्या बोटीला चालत नाही. म्हणून परतीचे तिकीट काढतानाही संध्याकाळी आपण कुठे असू याचा विचार करा.

साध्या वर्गाचे एका बाजूचे भाडे दोनशे हाँगकाँग डॉलरच्या आसपास असते. सुट्टीच्या दिवशी आणि संध्याकाळनंतर ते वाढते. सकाळचे तिकीट ऑनलाइन आधी काढून ठेवा, आठ ते नऊच्या दरम्यानचे. परतीचेही त्याच वेळी काढा, पण थोड्या उशिराचे. लवकर बंदरावर पोहोचलात तर आधीच्या बोटीच्या प्रतीक्षा रांगेत उभे राहता येते आणि जागा असेल तर तुम्हाला सोडतात. उशीर झाला तर मात्र तिकीट बहुधा वाया जाते. म्हणून तिकीट सातचे काढायचे आणि साडेपाचला तयार व्हायचे, हा माझा नियम आहे.

बोट सुटण्याच्या किमान अर्धा तास आधी बंदरावर हजर राहा, गर्दीच्या दिवशी पाऊण तास. पासपोर्टची रांग कधी दहा मिनिटांत सरकते, कधी अर्धा तास घेते. बसायची जागा बोटीत चढण्याआधी दारावर ठरते. कर्मचारी तिकिटावर आसन क्रमांकाची चिठ्ठी चिकटवतात. एकत्र बसायचे असेल तर सगळ्यांची तिकिटे एकाच माणसाच्या हातात द्या.

भाऊच्या धक्क्यावरून रेवसला किंवा गेटवेवरून मांडव्याला लाँचने जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे: इथे डेकवर वारा खात उभे राहायची सोय नाही. विमानासारखी बंद वातानुकूलित केबिन असते आणि बसूनच जायचे. पूर्वेचा वारा जोरात असला की बोट हलते. ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी बोटीत बसल्यावर घेऊन उपयोग नाही, अर्धा तास आधी घ्यावी. मधली किंवा मागची, खालच्या मजल्यावरची जागा मागा.

४. पैसे

मकाऊचे चलन पताका. पण हाँगकाँग डॉलर दुकानांत, हॉटेलांत, टॅक्सीत सगळीकडे एकास एक भावाने घेतात. अधिकृत भाव १०० हाँगकाँग डॉलरला १०३ पताका असा आहे. एका दिवसासाठी या तीन टक्क्यांच्या मागे लागून पैसे बदलायच्या रांगेत उभे राहू नका.

उलटे मात्र होत नाही. पताका हाँगकाँगमध्ये कुणी घेत नाही. तुम्ही ५०० डॉलरची नोट मोडलीत की सुटे बऱ्याचदा पताकांत मिळतात आणि दिवसाअखेर खिसाभर पताका उरतात. म्हणून छोट्या नोटा न्या, आणि मिळालेल्या पताका तिथेच बसभाड्यात आणि खाण्यात संपवा.

बसचे भाडे शहरभर ६ पताका. रोख दिलेत तर सुटे परत मिळत नाहीत, पेटीत टाकले ते गेले. चौघांच्या कुटुंबाने २४ पताका मोजून हातात ठेवाव्यात. हाँगकाँगमध्ये सगळीकडे चालणारे ऑक्टोपस कार्ड मकाऊच्या बसला चालेल असे गृहीत धरू नका. हाँगकाँगचे सिमकार्डही इथे रोमिंगवर जाते. तुमच्या पॅकमध्ये मकाऊ आहे का ते आदल्या रात्री बघा, नाहीतर नकाशा उतरवून ठेवा.

५. उतरल्यावर: फुकटच्या बसकडे बघू नका

बाह्य बंदरातून बाहेर पडलात की कॅसिनो हॉटेलांच्या चकचकीत फुकट बस उभ्या असतात. त्यात बसलात की तुम्ही थेट कोताईला पोहोचता. समुद्रात भराव घालून वसवलेला हा नवा भाग आहे: नकली व्हेनिस, नकली आयफेल मनोरा. दोन-तीन तास तिथेच जातात आणि जुने शहर उरकून टाकायचे काम होऊन बसते. कोताई बघायचेच असेल तर संध्याकाळी बघा. दिवे लागल्यावर ते छान दिसते आणि तेव्हा पायही दमलेले असतात.

सकाळी सार्वजनिक बसथांब्यावर जा आणि १०ए क्रमांकाची बस घ्या. शेवटचे ठिकाण बारा, म्हणजे आ-मा मंदिराचा परिसर. थांब्यांची नावे चिनी आणि पोर्तुगीजमध्ये असतात. बसमध्ये पुढचा थांबा फलकावर दिसतो.

बहुतेक लोक सेनादो चौकात उतरून सेंट पॉल बघतात आणि परत फिरतात. तुम्ही दक्षिणेच्या टोकापासून सुरुवात करा. असे केले की २००५ साली युनेस्कोच्या यादीत गेलेल्या जुन्या शहरातल्या बहुतेक वास्तू एकामागोमाग वाटेवरच येतात आणि कुठेही मागे वळावे लागत नाही.

६. पायी वाट: आ-मा मंदिरापासून मोंते किल्ल्यापर्यंत

नुसते चालायला हे अंतर पाऊण तासाचेही नाही. पण याला चार तास द्या. या सहलीचा जीव या चार तासांत आहे.

आ-मा मंदिर पोर्तुगीज येण्याआधीपासूनचे. समुद्रावर जाणाऱ्यांचे रक्षण करणाऱ्या देवीचे हे स्थान टेकडीच्या उतारावर, खडकांना धरून बांधलेले आहे. छताला उदबत्तीची मोठमोठी वेटोळी टांगलेली असतात आणि ती तासन्‌तास जळतात. आत जायला पैसे नाहीत. सकाळी लवकर आलात तर पर्यटकांपेक्षा नवस बोलायला आलेली माणसेच जास्त दिसतील. त्यांच्या समोर कॅमेरा धरू नका.

मंदिराकडून रुआ दा बारा या चढाच्या रस्त्याला लागा. थोड्याच अंतरावर पिवळ्या-पांढऱ्या रंगाची, लांबलचक कमानीदार व्हरांड्याची इमारत दिसते. ही मूरिश बराक. इथे जरा थांबा, माझी कळकळीची विनंती आहे. मकाऊच्या पोलीस दलाला कुमक म्हणून गोव्याहून आणलेल्या भारतीय पलटणीसाठी १८७४ साली ही बांधली. आज तिथे सागरी विभागाचे कार्यालय आहे, त्यामुळे आत जाता येत नाही, पण व्हरांड्यापर्यंत जाता येते. आपल्याच किनाऱ्यावरची माणसे दीडशे वर्षांपूर्वी इथे पहारा देत होती आणि फलकावर ते स्पष्ट लिहिलेले आहे. तरी भारतीय पर्यटकांचे जथे समोरून निघून जातात.

पुढे लिलाऊचा छोटा चौक लागतो. वडाची झाडे, बाके आणि जुना झरा. पोर्तुगीज कुटुंबांनी पहिल्यांदा घरे बांधली त्या भागांपैकी हा एक. इथे पाणी प्या, पाच मिनिटे बसा. बरोबर ज्येष्ठ मंडळी असतील तर त्यांच्यासाठी ही जागा फार सोयीची आहे.

चौकाला लागूनच मंदारिनचा वाडा आहे. झेंग ग्वानयिंग या चिनी विचारवंताच्या कुटुंबाने १८६९च्या सुमारास तो बांधला. चौकामागून चौक, साठाहून अधिक खोल्या, राखाडी विटांच्या भिंती, आणि खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ पापुद्रे. जुन्या गोव्याच्या घरांतल्या खिडक्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे पापुद्रे लगेच ओळखू येतील. प्रवेश फुकट. अर्धा तास तरी द्या.

पुढे सेंट लॉरेन्स चर्च आणि मग थोडे आत सेंट जोसेफ सेमिनरीचे चर्च. बांधकाम १७५८ सालचे. पायऱ्या चढून आत गेलात की एका बाजूला काचेच्या पेटीत सेंट फ्रान्सिस झेवियरच्या हाताचे हाड ठेवलेले आहे. झेवियरचा मृत्यू १५५२ साली इथून फार दूर नसलेल्या, चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर झाला. पुढे त्यांचे शरीर मलाक्कामार्गे गोव्याला नेले. ते आजही जुन्या गोव्यात बॉम जेझस बासिलिकेत आहे. गोव्याला जाणारे आपण सगळे ते चर्च बघतो, पण त्या गोष्टीचे दुसरे टोक इथे आहे हे क्वचितच कुणाला ठाऊक असते. चर्चमध्ये खांदे झाकलेले कपडे असावेत आणि आवाज अगदी हळू.

तिथून सेंट ऑगस्टिनचा चौक. एका बाजूला १८६०चे हिरवे दोम पेद्रो नाट्यगृह आणि दुसऱ्या बाजूला रॉबर्ट हो तुंग वाचनालय. वाचनालयाच्या मागे शांत बाग आहे. उकाड्यात तिथे बसावे, स्वच्छतागृहही आहे. मग उतार उतरलात की थेट सेनादो चौक.

चौकातली फरशी काळ्या-पांढऱ्या दगडांच्या लाटांची आहे. ती दिसते तितकी जुनी नाही, १९९०च्या दशकात पोर्तुगीज कारागिरांच्या मदतीने बसवलेली आहे. पाऊस पडला की हा दगड भयंकर निसरडा होतो. गुळगुळीत तळव्याच्या चपला घालून येणारे इथेच घसरतात. चौकाच्या वरच्या अंगाला सेंट डॉमिनिकचे पिवळे चर्च आहे. तिथून पुढे सेंट पॉलकडे जाणाऱ्या अरुंद गल्लीत गर्दी एवढी असते की लहान मुलांचा हात सोडू नका.

या गल्लीत दुकानदार मांसाचे लालसर पातळ पत्रे कापून चवीला हातात देतात. ते डुकराचे किंवा गायीचे मांस असते. गोड वास आणि चकचकीत रंग पाहून काही जणांना ती आंबापोळी वाटते, म्हणून मुद्दाम सांगते. बदामाच्या बिस्किटांत बदामाबरोबर मुगाचे पीठ असते आणि ती बेसनाच्या लाडवासारखी तोंडात विरघळतात. पण काही प्रकारांत डुकराची चरबी किंवा मांसही घालतात. शाकाहारी असाल तर विचारूनच घ्या.

सेंट पॉलचे चर्च १६०२ ते १६४० या काळात बांधले आणि १८३५ साली आगीत जळाले. उरली ती फक्त दगडी दर्शनी भिंत. लोक पायऱ्यांवर फोटो काढून परत फिरतात. तुम्ही वर जा आणि भिंतीसमोर मान वर करून सावकाश बघा. धर्मछळातून जपानमधून परागंदा झालेल्या ख्रिस्ती कारागिरांचे हात या कामाला लागले होते. सात डोक्यांच्या राक्षसावर पाय ठेवलेली मेरी, शेजारी चिनी अक्षरे, पोर्तुगीज जहाज, चिनी सिंह. तीन संस्कृती एका भिंतीवर कोरलेल्या आहेत. वसईच्या किल्ल्यातल्या चर्चच्या भिंती पाहिलेल्या माणसाला या भिंतीचे दुःख वेगळे सांगावे लागत नाही.

शेजारच्या टेकडीवर मोंते किल्ला. १६१७ ते १६२६ या काळात बांधला. बांधकाम चालू असतानाच १६२२ साली डच चालून आले आणि इथल्या तोफांनी त्यांना परतवले. चढायचा कंटाळा आला तर संग्रहालयाच्या बाजूने सरकते जिने आहेत. वरून एका बाजूला जुनी कौलारू छपरे आणि दुसऱ्या बाजूला ग्रँड लिस्बोआ कॅसिनोची सोनेरी इमारत दिसते.

७. जेवण

दुपारचे जेवण दीडच्या आत किंवा अडीचनंतर घ्या. मधल्या वेळात सगळीकडे रांगा असतात.

मांसाहारी असाल तर मकाऊचे स्वतःचे जेवण जेवा. पोर्तुगीज घराण्यांनी गोवा, मलाक्का, आफ्रिका इथून आणलेले मसाले आणि चिनी स्वयंपाक यांतून ते तयार झाले आहे. खिमा आणि बटाट्याची मिंची, हळद आणि नारळाच्या दुधातली पोर्तुगीज कोंबडी, तिखट आफ्रिकन कोंबडी. आपल्या जिभेला यातले काहीच अनोळखी नाही. खिमा गायीचा की डुकराचा हे मात्र विचारून घ्या.

शाकाहारींसाठी खरे सांगायचे तर पर्याय थोडे आहेत. भारतीय उपाहारगृहे आहेत, पण ती या पायी वाटेवर लागतीलच असे नाही. त्यांच्यासाठी वाट मोडू नका. सकाळी निघताना थालीपीठ किंवा धपाटे, चटणी आणि फळे घ्या आणि वाचनालयाच्या बागेऐवजी मोंते किल्ल्यावरच्या झाडाखाली खा. भाजीच्या नावाने मागवलेल्या पदार्थात मासळीचा रस किंवा मांसाचे पाणी असू शकते. फक्त «मांस नको» म्हणून भागत नाही.

अंडे चालत असेल तर अंड्याचा टार्ट खाच. १९८९ साली कोलोआन गावात एका इंग्रज बेकरीवाल्याने पोर्तुगीज टार्टला स्वतःचे वळण दिले आणि तो सगळ्या शहराचा झाला. गरम असतानाच खा, डब्यात भरून हाँगकाँगला नेलात तर पापुद्रा मऊ पडतो. बिस्किटाचा चुरा आणि साय यांचे थर दिलेले सेर्रादुरा हे थंड गोडही चाखून बघा.

८. दुपारनंतर: एकच निवडा

साडेतीनच्या सुमारास तुम्ही मोकळे व्हाल. इथे सगळे बसवायला गेलात तर बसमध्येच संध्याकाळ होईल.

इतिहासाची आवड असेल तर जुन्या शहरातच राहा. पोर्तुगीज कवी कामोंइशच्या नावाची बाग आणि तिच्या शेजारची प्रोटेस्टंट दफनभूमी बघा, किंवा गिया टेकडीवरचे १८६५चे दीपगृह. चीनच्या किनाऱ्यावरचे पाश्चात्त्य धर्तीचे ते पहिले दीपगृह. याच टेकडीच्या पायथ्याशी १८२९ची पारशी दफनभूमी आहे. मुंबईहून कापूस आणि अफूच्या व्यापारासाठी आलेले पारशी इथेच मरण पावले आणि इथेच राहिले. फाटक बहुधा बंद असते, बाहेरूनच बघावे लागते.

मुले बरोबर असतील तर ११ किंवा ३३ क्रमांकाच्या बसने ताइपाच्या जुन्या गावात जा. हिरव्या रंगाची १९२१ची पोर्तुगीज घरे, खाण्याची गल्ली, आणि तिथून चालत कोताई. कॅसिनोच्या खेळाच्या दालनात २१ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही आणि आत फोटो काढता येत नाहीत. हॉटेलच्या बाकीच्या भागात मुले खुशाल फिरू शकतात.

निवांतपणा हवा असेल तर २६ए क्रमांकाच्या बसने कोलोआनला जा. समुद्राकाठी १९२८चे सेंट फ्रान्सिस झेवियरचे छोटे चर्च, समोर लाटांच्या फरशीचा चौक. बसला वेळ लागतो, म्हणून परतीची बोट आठच्या नंतरची असेल तरच.

९. परतीचा प्रवास

तिकिटावर लिहिलेल्या बंदराचे नाव पुन्हा वाचा. ताइपाहून सुटणारी बोट पकडायला बाह्य बंदरावर जाणारी माणसे रोज दिसतात. दोन बंदरांमध्ये समुद्रावरचा पूल आहे आणि संध्याकाळी त्यावर वाहने तुंबतात. टॅक्सीवाल्याला बंदराचे नाव चिनी लिपीत दाखवा. इंग्रजीत «फेरी टर्मिनल» एवढेच म्हणालात तर तो त्याला जवळचे वाटेल तिथे नेईल.

बोट चुकली किंवा जागा मिळाली नाही तर घाबरू नका. २०१८ साली सुरू झालेल्या ५५ किलोमीटरच्या हाँगकाँग-झुहाई-मकाऊ पुलावरून चोवीस तास बस चालते. मकाऊच्या बाजूच्या पूल बंदरावर जायचे, पासपोर्ट तपासायचा, ६५ हाँगकाँग डॉलरच्या आसपास तिकीट काढून बसायचे. चाळीसेक मिनिटांत ती हाँगकाँग विमानतळाशेजारी सोडते. तिथून शहरात यायला मात्र वेगळी बस आणि आणखी तासभर लागतो. तिकीटखिडकीवर हाँगकाँगचेच तिकीट मागा.

वादळाचा ८ क्रमांकाचा इशारा लागला तर पुलावरची वाहतूकही थांबू शकते. अशा वेळी बंदरावर ताटकळू नका. लगेच खोली शोधा, कारण पुढच्या तासाभरात सगळेच शोधायला लागतात.

हाँगकाँगच्या तपासणीत पुन्हा पासपोर्ट आणि पूर्वनोंदणीचा कागद एकत्र द्या. अधिकारी नवीन चिठ्ठी देतात. तिच्यावरची तारीख तिथेच वाचा आणि भारतात परतण्याच्या विमानाच्या तारखेशी ताडून घ्या. काही शंका असेल तर खिडकी सोडण्याआधी विचारा.